सतरंजीवरून उठताना

तीन वर्षांच्या ओजसनं मणी तोंडात टाकलेला सुमतीताईंना सतरंजीच्या दुसऱ्या टोकावरून दिसला. "थुंक तो!" ओरडत त्या उठायला गेल्या, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही.

गुडघ्यांचं दुखणं त्यांनी बालवाडीत कधी कळू दिलं नव्हतं. मुख्याध्यापिका मोघेबाईंनी खुर्ची हवी का विचारलं, तेव्हाही "मला खालीच बरं वाटतं," म्हणाल्या होत्या. खुर्ची घेतली की उद्या घरी बसवतील, ही धास्ती.

आता त्या रांगतच निघाल्या. "ताई घोडा झाल्या!" म्हणत मुलं मागोमाग रांगू लागली. "मी पण!" म्हणायला ओजसनं तोंड उघडलं. मणी जिभेवरच होता. ताईंनी तो झटकन काढला.

मुलं घरी गेल्यावर त्या मोघेबाईंसमोर उभ्या राहिल्या. "बाई, मला खालून पटकन उठता येत नाही. खुर्ची द्या, नाहीतर दुसरी ताई बघा."

मोघेबाईंनी सुताराला फोन लावला.

"बुटकी खुर्ची हवी, पण मोठ्या माणसासाठी. आणि हात भक्कम ठेवा. आमच्या ताईंना धरून उठता आलं पाहिजे."