इसहाकशेटचा साग

एकतीस साली सुपारीची वखार जळाली, तेव्हापासून श्रीवर्धनच्या इसहाकशेटना हौस सागाची आणि धास्ती आगीची! म्हणून भिकू पाथरवटानं नव्या वखारीला जीव ओतून दगडाचाच खांब घडवला, त्यावर सागासारख्या रेषा कोरल्या, वर गेरू चोपडला.

"ह्याला साग कोन म्हनेल? आनि आगीत तडकला म्हंजे?" शेटनी नाक मुरडलं. भिकूचं तोंड एवढंसं झालं.

शिमग्यात तो खांबच अंगणातून गायब झाला. होळीच्या दुसऱ्या सकाळी कोळीवाड्यातले सहा गडी कंबर धरून कण्हत, भिकूच्या देखत शेटच्या दारात उभे.

 

"शेट, होळीला चोरायचा तर साग जरा सुका तरी ठेवा! रातभर जाळला, मेल्याला साधी चीर पन न्हाय!"