मुसळाच्या तालावरचा श्वास

यंत्राने गाण्यांची नाती शोधून देणाऱ्या केंद्रात रत्नप्रभा पन्नाशी उलटल्यावर आली. चार वर्षांची असताना ती पुरातून वाचली, पण घरचं माणूस कुणी सापडलं नाही. आईची म्हणून तिच्यापाशी एक अंगाई तेवढी उरली होती. ती तिने यंत्रापुढे गायली.

निकाल पाहून केंद्रातल्या हेमांगी सरवटे चकित झाल्या. यंत्राने जव्हारकडच्या एका पाड्यावरचं भात कांडतानाचं गाणं काढलं होतं. शब्द वेगळे, सूरही वेगळे. पण दोन्हींत श्वास घ्यायच्या जागा सारख्याच होत्या. मुसळ वर उचललं की श्वास.

त्यांनी ते गाणं गाणाऱ्या देवकू म्हातारीला लगेच पडद्यावर बोलावलं. रत्नप्रभा पुन्हा गायली. दुसऱ्याच ओळीला म्हातारीने हात वर केला.

"थांब बाय. हा मधेच दम घ्यायला तुला कोणी शिकवलं?"

"आई तसाच घ्यायची."

"आमच्या पाड्यावर असा भलत्या जागी दम घेणारी एकच होती. माझी धाकटी बहीण, सोनी."

रत्नप्रभा पडद्याच्या अगदी जवळ सरकली. हेमांगीताईंनी मात्र म्हातारीला हात जोडले. तो एक भलत्या जागचा श्वास यंत्राने गाणारीची चूक समजून जुळणीतून वगळला होता.