मुसकं

मुलाचं पत्र महिनाभर बिनउत्तराचं पडून होतं: ‘बाबा, मी सुट्टीवर येईपर्यंत ठमीला कसंही करून जगवा.’ उभ्या जन्मात कुणाला ‘नाही’ म्हणणं बाबांना जमलं नव्हतं. आज ती म्हातारी कुत्री दवाखान्याच्या टेबलावर धापा टाकत होती. “आणखी एक सलाइन लावू,” डॉक्टर म्हणाल्या, “आठवडा काढेल.” “कुणासाठी काढायचा?” बाबांचा आवाज चढला. “घोटभर पाणी पोटात ठरत नाही. आजच सोडवा तिला. माझ्या मांडीवर.” “बरं. पण तोंडाचं मुसकं राहू द्या, नियम आहे.” बाबांनी फरशीवरच बसकण मारली, ठमीला कुशीत घेऊन मुसकं सोडलं. “ही कधी कुणावर गुरगुरली नाही. आज चावायचंच झालं तर मी चावेन!” डॉक्टर इंजेक्शन घेऊन शेजारी बसल्या. परतताना पोस्टात उभ्यानंच कार्ड लिहून बाबांनी पेटीत टाकलं: ‘ठमी गेली. तुझ्यासाठी थांबलो नाही. रागाव खुशाल.’