चंडीची गुंगी

जनावरांच्या दवाखान्यात धुरपताबाईंची मांजर चंडी पोत्यातूनही गुरगुरत होती. पाय सुजून पिकला होता. पण रोज दूध घालणाऱ्या धुरपताबाईंनाही तिनं कधी अंगाला हात लावू दिला नव्हता.

“साहेब, लौकर करा. भोकरची शेवटची बस जाईल.”

डॉक्टरांनी पोत्यावरूनच गुंगीचं इंजेक्शन दिलं. चंडी गाढ निजली. जखम धुऊन पट्टी बांधून झाली.

“उचला मावशी, बस सापडंल. घंट्याभरात जागी होईल ही.”

धुरपताबाई खालीच बसल्या. चंडीच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून त्यांनी आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मग पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

“मावशी, बस निघाली की.”

“जाऊ द्या. बस उद्या बी हाय.”