नववी ढ

“पुसू नका, बाई,” दाराजवळच्या बाकावरून प्रणाली म्हणाली. “मधल्या सुट्टीत ते पुन्हा करतील.”

वर्गाच्या दारावरच्या पाटीवर ‘नववी ड’ असं खडूने लिहिलेलं असायचं. शेजारच्या तुकडीतल्या कुणीतरी ‘ड’ पुसून ‘ढ’ केला होता आणि आमच्या मुलांना तो पटलाही होता. गणिताच्या चाचणीत निम्म्या वर्गाने फक्त नाव घालून कोरे पेपर दिले होते. “ही मुलं काही नववी काढत नाहीत,” हे शिक्षकांच्या खोलीत मी रोज ऐकत होते.

मी फडकं खाली ठेवलं. “बरं, राहू दे तो ढ. प्रणाली, गणिताचं पुस्तक उघड. उदाहरणांचे शेवट वाच.”

“क्षेत्रफळ काढा. सरासरी काढा. किंमत काढा...” तिचा आवाज चढला. “बाई, सगळीकडे ‘काढा’च आहे!”

“त्यातला ‘ढा’ झाक. काय उरलं?”

“का.”

“नुसतं का, का करत बसलात तर उत्तर निघेल? अख्ख्या गणिताचं ‘ढ’वाचून पान हलत नाही. चला, पहिलं उदाहरण. चुकलेलं चालेल, कोरं चालणार नाही.”

मागच्या बाकांवर हशा पिकला. मग एकेक करत पेनं बाहेर आली.

मधल्या सुट्टीनंतर मी पाटीसमोर थबकले. ढ तसाच होता. फक्त त्याच्या अलीकडे ‘का’ आला होता आणि पलीकडे एक ठसठशीत काना.

‘नववी काढा.’

“काढतोच, बाई,” खडूचे हात स्कर्टला पुसत प्रणाली म्हणाली.