पंधरा पावलं

वाळूची पिशवी बांधलेला सरजाबाईंचा पाय वीतभर वर गेला आणि धपकन खाली आला.

"न्हाई उचलत, डॉक्टरसाब. लई जड हाय."

व्यायाम घ्यायला आठवड्याला घरी येणाऱ्या मार्तंड डॉक्टरांनी पिशवी तळहातावर तोलली. "किलोभर वाळू हाय, मावशी. खुब्यात सळई घालून तीन महिने झाले. तुमच्या मागून ऑपरेशन झालेले चालून राहिले." त्यांनी मांडी दाबून पाहिली. टणक होती. ते लेकीकडे, तारामतीकडे वळले. "आधाराशिवाय पंधरा पावलं टाकतात का घरात?"

पंधरा पावलं टाकली की आईला देगलूरला न्यायचं, असं धाकट्या भावानं, व्यंकटीनं दवाखान्यातच ठरवलं होतं. मुलगा जिवंत असताना माय लेकीच्या दारात किती दिवस ठेवायची, लोक काय म्हणतील?

"अजून न्हाई," तारामती म्हणाली.

डॉक्टर दोघींकडे बघत राहिले. "ही मांडी बसून राहणाऱ्या बाईची न्हाई," एवढंच बोलून ते गेले.

तारामती कचेरीला निघाली. जिल्हा नुकताच झालेला, त्यात दुष्काळ. टेबलावर साऱ्या गावांचे टँकरचे अर्ज. तिच्या गल्लीतला टँकर दुपारी यायचा आणि दारातलं पिंप भरून जायचा. पण महिनाभर संध्याकाळी ती परतली की आतला रांजणही भरलेला असायचा. पहिल्यांदा तिनं शेजारच्या गुरम्माला विचारलं.

"मी न्हाई भरलं, बाई. तुमच्या घरात तुम्ही दोघीच की."

मग तिनं आईला विचारलं.

"मला काय ठाऊक? मी खुर्चीतून हलते व्हय?" सरजाबाई म्हणाल्या आणि पदराचं ओलं टोक पाठीमागं सारलं.

त्यानंतर तिनं कुणालाच विचारलं नाही.

आज निघताना तिनं तांब्या पिंपाच्या झाकणावर ठेवला. पिंप आणि रांजण यांच्या मधोमध, हात टेकता येईल असं, स्टूल सरकवलं.

"वाटेत कशाला ठेवलंस गं ते?"

"राहू दे."

चार वाजता गुरम्माचा निरोप कचेरीत पोचला. सरजाबाई खुर्चीतच गेल्या होत्या. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं व्यंकटी आला. आईच्या पायांवर डोकं ठेवून रडला. उठताना त्याला खुर्चीखालची पिशवी दिसली. ती उचलून तो दारात उभ्या असलेल्या मार्तंड डॉक्टरांकडे गेला.

"म्हाताऱ्या बाईच्या पायाला वाळू बांधत होता? तीन महिन्यांत पंधरा पावलं न्हाई चालवता आली तुमच्यानं. जीव मात्र घेतला."

डॉक्टरांनी तारामतीकडे पाहिलं.

ती रांजणाजवळ उभी होती. रांजण गळ्यापर्यंत भरलेला होता. तांब्या मधल्या स्टुलावर होता.

"चालत होती ती," तारामती म्हणाली.

व्यंकटी वळला. "कवापासनं?"

"महिना झाला."

"मग कळवलं का न्हाईस, आक्का? मी नेलं असतं की तिला."

"व्हय," ती म्हणाली. "नेलं असतंस."