दहापैकी दहा

"काकू, थंड घेणार की गरम?" शोरूममधल्या मुलीने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मावशीला हसू आवरेना. जावई पहिल्यांदा घरी आला तरी एवढी सरबराई होत नाही! भाचीची नवी गाडी आज मिळणार होती. भाची आतल्या खोलीत कागदांवर सह्या करत बसली होती आणि मावशी बाहेर सोफ्यावर, मांडीवर पर्स घेऊन.

रस्त्यापलीकडे दुसऱ्या कंपनीचं शोरूम होतं, त्याला लागून तिसरीचं, आणि चौकात चौथीचं उघडायच्या बेतात होतं. त्यामुळे इथे झाडून सगळ्यांच्या जिभेवर साखर. कुणी नुसता पत्ता विचारायला आत डोकावला, तरी बापडा पाणी पिऊनच बाहेर पडायचा.

मावशीचं लक्ष मात्र निळ्या गाडीपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे होतं. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं. पण शर्टाच्या खिशाला तीन पेनं तशीच. अगं बाई, हा तर तोच. संस्थानिक!

हे नाव तिच्या यजमानांनी ठेवलेलं. पस्तीस वर्षांपूर्वी, याच दुकानातून घरी परतताना, बसमध्ये. "संस्थानिक आहे गं तो, आपण त्याची रयत," असं म्हणून ते मोठ्याने हसले होते. पण त्यांचे कान लाल झालेले तिने पाहिले होते.

संस्थानिक आता लगबगीने तिच्यापुढे आला आणि चक्क वाकला.

"मॅडम, एक विनंती होती. कंपनीचा हा कागद तेवढा भरून द्या. आम्ही कसे वागलो, त्याचे दहापैकी मार्क. दहाच द्या हं. नऊ दिले तरी कंपनी आम्हाला नापास धरते."

"नऊला नापास?"

"काय सांगू तुम्हाला! समोरचे टपून बसलेत. इथून नाराज झालेला माणूस रस्ता ओलांडला की त्यांचा."

मावशीने कागद हातात घेतला. या माणसाला काय काय सुनवायचं, ते तिने वर्षानुवर्षं स्वयंपाक करता करता मनात घोकलं होतं. आता त्यातलं एक अक्षर आठवेना. तिने त्याच्याच खिशातलं पेन मागितलं, दहाच्या आकड्याभोवती गोल केला आणि कागद परत दिला.

"झालं? आता माझ्याकडून तुम्हाला काही नको ना?"

"छे छे, मॅडम! आणखी काय पाहिजे?" त्याने कागदाची घडी करून ती जपून खिशात ठेवली.

"मग बसा जरा."

तो सोफ्याच्या कडेवर टेकला.

"माझे यजमान आले होते इथे. तेव्हा या रस्त्याला तुमचं एकच दुकान होतं. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते हो. अशीच गाडी उभी होती. आत बसून बघू का, म्हणाले आणि दाराला हात लावला. तुम्ही खुर्चीतून न उठता ओरडलात, 'ओ, हात काढा, ठसे उमटतात! आधी नंबर लावा आणि वर्षाने या.' त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि ते दार स्वतः पुसलं."

संस्थानिकाला काही म्हणजे काही आठवत नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. रागवावं तरी कुणावर?

"तेव्हा आम्हाला कुणाची गरजच नव्हती हो, मॅडम," तो खाली बघत म्हणाला. मग घाईघाईने, "त्यांना आणा की एकदा. नाहीतर मी गाडी घरी घेऊन येतो. हल्ली आम्ही घरी नेऊन दाखवतो."

"नंबर लागल्याचं पत्र आलं ना तुमचं, त्याच्या आदल्या महिन्यात ते गेले."



मावशीला गाडीची हौस कधीच नव्हती. तिला ते हवे होते. या चकचकीत फरशीवर, त्या इस्त्रीच्या शर्टात, एकदाच. आणि कुणीतरी त्यांना 'या' म्हणायला हवं होतं. किती वर्षं जीव नुसता तेवढ्यासाठी तुटत होता.

"एक कराल?" ती म्हणाली. "मघाशी त्या मुलीने एका जोडप्यासाठी गाडीचं दार उघडलं. तसं त्यांच्यासाठी उघडा."

संस्थानिक कसनुसा हसला. त्याने इकडेतिकडे पाहिलं. मुलगी हातात ट्रे घेऊन बघत उभी होती. दहा मार्कांचा कागद तर खिशात पडला होता. काहीतरी निमित्त काढून सटकणं त्याला अवघड नव्हतं.

तो उठला. शर्ट खाली ओढून नीट केला, निळ्या गाडीला वळसा घालून स्टिअरिंगच्या बाजूला गेला, दार उघडलं आणि एक हात छातीशी धरून वाकला.

"या, साहेब," तो मोकळ्या फरशीकडे बघून म्हणाला. "बसा ना."

मावशी पर्स पोटाशी धरून उभी होती. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही.

"अजून थोडं उघडा," ती म्हणाली. "उंच होते ते."